मैदानावर सर, घरी अण्णा

अण्णा,

मैदानावर सर म्हणायचं आणि घरी अण्णा, हा नियम तुम्ही घातलात तेव्हा मी दहा वर्षांची होते. हे पत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे, म्हणून अण्णा. मजकूर मात्र सगळा मैदानावरचा आहे. तुम्ही असतात तर दुसऱ्याच ओळीला मला थांबवून म्हणाला असतात, जिथलं तिथे विचार. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आता थांबवणारं कुणी नाही, म्हणून दोन्हीकडचं एकाच कागदावर लिहिते.

मी न्यूझीलंडमध्ये आहे. ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसन म्हणून भाग आहे, तिथे. तुमच्या शेवटच्या वर्षांत मी पुण्याच्या शाळेत गणित शिकवत होते, इथेही तेच शिकवते. इथे नववी ते तेरावीच्या शाळेला कॉलेज म्हणतात, आणि शिकवण्याखेरीज प्रत्येक शिक्षकानं एखादा खेळ, नाटक, वाद्यवृंद असं काहीतरी अंगावर घ्यावं अशी अपेक्षा असते. पहिल्या वर्षी मला विचारलं तेव्हा मी मुलींचा व्हॉलीबॉल घेते म्हणाले. पाच फूट एक इंच उंचीची, पंजाबी ड्रेसमधली, केस घट्ट बांधलेली बाई हॉलमध्ये आली तेव्हा मुली हसल्या. मी चेंडू मागितला आणि एक सर्व्हिस टाकली. त्यानंतर हसल्या नाहीत. आपण जिला लिफ्टर म्हणायचो तिला इथे सेटर म्हणतात. बाकी खेळ तोच आहे. पहिला चेंडू कुणीही उचलो, दुसरा तिच्याकडे येतो आणि तिसरा कुणी मारायचा ते ती ठरवते. मारणारीचं नाव होतं. चुकलं तर लिफ्टरचं चुकतं.

मला तुम्ही लिफ्टर केलंत ते कडुनिंबाला सायकलची रिंग टांगून. शाळेच्या आधी, उजाडताना, मी रिंगखाली उभी राहते आहे आणि तुम्ही चेंडू टाकता आहात. चेंडू बोटांवर घ्यायचा, तळव्याला लागू द्यायचा नाही, आणि रिंगेतून पलीकडे काढायचा. डिसेंबरात बोटांची टोकं आधी झोंबायची, मग त्यांना काही कळेनासं व्हायचं. मी हात काखेत घातले की तुम्ही म्हणायचात, "कळत नाही तेव्हाच बरोबर जातो. टाक." तीन वर्षं हे चाललं. नववीत पोचले तेव्हा गावात मला चांगली लिफ्टर म्हणत होते, आणि माझं एक व्यंग तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत होतं. डोक्यावरून मागे दिलेला चेंडू माझ्या हातून आखूड पडायचा. दर वेळी नाही. सामना चुरशीचा झाला की.

त्या वर्षी बँकेत नवे मॅनेजर बदलून आले. त्यांची मुलगी सांगलीकडून राज्य पातळीवर खेळलेली. एका सोमवारी तुम्ही मला घरी सांगितलंत, "तीन नंबर धुऊन ठेव. घडी नीट कर." तीन नंबर माझी जर्सी. मी ती दगडावर धुतली, वाळवली, आणि आईकडून निखारे मागून घेऊन तांब्यानं इस्त्री केली. मला वाटलं, कुणी पाहुणे येणार असतील, संघाचा फोटो असेल. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या मुली ओळीत उभ्या आहेत आणि तुम्ही मला म्हणता आहात, "ती हिला दे. आणि खुणा शिकव." मॅनेजरांची मुलगी जर्सी घेताना "थँक यू" म्हणाली. आमच्या मैदानावर हे शब्द तोपर्यंत कुणी उच्चारले नव्हते.

त्या दिवशी घरी तुम्ही जेवायला बसलात. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "अण्णा, का?"

"कशाचं का?"

"जर्सीचं."

"मैदानावरचं मैदानावर विचार."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अहो, एवढी धुऊन बिऊन नेली पोरीनं. काहीतरी सांगा की तिला."

"तू वाढ," तुम्ही म्हणालात, आणि मग भाकरी आज चांगली झाली आहे असंही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी पुढे झाले. "सर, का?"

तुम्ही शिट्टी तोंडातून काढलीत. "हे सराला विचारतेस का बापाला?"

मुली हसल्या. मी म्हटलं, "सराला."

"खेळाडू सराला का विचारत नाही. दोन चकरा."

मी दोन चकरा मारल्या. आल्यावर मॅनेजरांच्या मुलीला खुणा शिकवल्या. पोटाशी धरलेल्या हाताचं एक बोट म्हणजे उंच, दोन म्हणजे मागे, मूठ म्हणजे पटकन. तिला सगळं दोन दिवसांत आलं. तिचा मागचा चेंडू आखूड पडत नव्हता. आपण जिल्ह्यात जिंकलो, मी बाकावर टॉवेल आणि पाण्याची कळशी सांभाळली. पुढच्या वर्षी मॅनेजरांची बदली झाली आणि एका सकाळी तुम्ही रिंगखाली येऊन म्हणालात, "उद्यापासून तू." मी "हो सर" म्हणाले. आणखी काही म्हणता येतं हे मला माहीतच नव्हतं.

तुमच्या तेराव्याला ते मॅनेजर आले होते. निवृत्त झाले होते, हातात काठी. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "अहो, हे आमच्याकडे चक्क मुलगी मागायला आले होते! मी म्हटलं मास्तर, पोरगी पंधराची आहे. तर म्हणाले, लग्नाला नको हो, लिफ्टिंगला हवी. गावात दुसरी शाळा होती ना मुलींची, तिकडे घालणार होतो आम्ही." सगळे हसले. मीही हसले. तोपर्यंत मी समजत होते की ती मुलगी बदलीबरोबर आपोआप आली. तुम्ही जाऊन आणली होतीत.

आता इथलं सांगते. माझ्या कॉलेजात मुलांची रग्बी म्हणजे मोठं प्रकरण. त्यात दहा नंबरचा खेळाडू आपल्या लिफ्टरसारखा, सगळी चाल त्याच्या हातून जाते. काही कॉलेजं काय करतात, आपला मुलगा चार वर्षं तयार करतात आणि शेवटच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातला नावाजलेला दहा नंबर घेऊन येतात. आमच्या रग्बीच्या शिक्षकांनाही एक आणायचा होता. शिक्षकांच्या सभेत विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले. म्हणाले, आपल्याकडे घडलेल्या मुलाला तेरावीत बाकावर बसवायचं आणि तयार माल आणायचा, याला शिक्षण म्हणत नाहीत. माझं इंग्रजी तुम्हाला माहीत आहे, रागात चांगलं होतं. टाळ्या पडल्या. ठराव माझ्या बाजूनं झाला. रग्बीचे शिक्षक भले गृहस्थ, अंगानं दाराएवढे. ते मागून चहाच्या टेबलाशी आले. ते एक वर्ष अमेरिकेत शिकवून आलेले. म्हणाले, "तिकडे कॉलेजच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकवरून, म्हणजे त्यांच्या दहा नंबरवरून, रात्रंदिवस हेच भांडण असतं. एक घडवायला तीन-चार वर्षं लागतात आणि तेवढं थांबायला कुणी तयार नसतं. मग दुसरीकडे खेळून आलेला उचलायचा. तुमच्याकडे किती धीर आहे, मिस?"

"हवा तेवढा," मी म्हटलं.

माझ्याकडे तेव्हा जी मुलगी तयार होत होती ती आपलीच, मराठी. आई नर्स, नाशिकची. नववीत ती माझ्यासमोर आली तेव्हा किरकोळ होती, पण हात बघून मला कळलं. मी बास्केटबॉलच्या खांबाला हुलाहूप बांधला आणि तिला खाली उभं केलं. शंभर चेंडू झाले की म्हणायची, "मिस, दॅट्स हीप्स." म्हणजे ढीगभर झाले.

"अजून पन्नास."

"बट हीप्स झाले, मिस!"

"मग हीप्स अधिक पन्नास."

इथे वाढलेली मुलं मराठी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. हीही तशीच. पण बोटांच्या खुणा इथल्या मोठ्या हॉलमध्ये मागून दिसत नाहीत आणि इंग्रजीत ओरडलं तर पलीकडच्यांनाही कळतं, म्हणून मी संघाला तीन मराठी शब्द दिले. उंच, मागे, पटकन. सेटरनं ओरडायचं, मारणारीनं उडायचं. सामोआ बेटांकडच्या मुली "पत्कन" म्हणायच्या, त्यांचं त्यांना कौतुक वाटायचं. एकदा फ्लॅट बुशकडच्या संघाशी सामना होता. प्रेक्षकांतला एक गृहस्थ पहिल्याच "मागे"ला खो खो हसत सुटला आणि दोन सेटच्या मधे येऊन म्हणाला, "बाई, आम्ही डोंबिवलीचे. आमच्या मुलीला सांगू का काय चाललंय ते?" मी म्हटलं, "सांगितलंत तर तुमच्याशी मराठी बोलणार नाही." तो गप्प बसला. सामना आम्ही घेतला.

तिची आई प्रत्येक सामन्याला यायची, कधी कधी वॉर्डातून तशीच, गणवेशात. मला ताई म्हणायची, म्हणून मुलगी मला शाळेत मिस आणि शाळेबाहेर मावशी म्हणे. एकदा तिची आई मला म्हणाली, "ताई, घरी हिला पाणी हवं का विचारलं तरी येप म्हणते. आणि इथे बघा केवढ्यांदा मागे, मागे ओरडते! मी ड्यूट्या बदलून येते ना, ते खेळ बघायला नाही. मला कुठे कळतोय खेळ. तिचं मराठी ऐकायला येते."

तीन वर्षांत मुलगी चांगली झाली. तिचंही एक व्यंग होतं. सामना अडला की ती प्रत्येक चेंडू डाव्या बाजूच्या एकाच मुलीला द्यायची, तिच्या मैत्रिणीला. पलीकडच्यांना ते कळायचं आणि त्या तिथेच दोन हात उभे करायच्या. दोन वर्षं आम्ही विभागाच्या उपान्त्य फेरीत याच कारणानं हरलो. आणखी एका वर्षात मी ते काढलं असतं. पण त्या वर्षी माझ्या मारणाऱ्या सगळ्या तेरावीत होत्या आणि ती बारावीत. तसा संघ मला आधी मिळाला नव्हता, पुढे मिळेलसं वाटत नव्हतं. वर्ष संपलं की त्या जाणार होत्या. मी हिशेब मांडला. मी गणिताची शिक्षिका आहे. हिशेब बरोबर होता.

हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातलं एक कुटुंब ऑकलंडला येणार असल्याचं मला कळलं होतं. त्यांची मुलगी तेरावीत जाणार, सेटर, तिकडच्या निवड संघातून खेळलेली. एका शनिवारी मी गाडी घेऊन गेले. दीड तासाचा रस्ता आहे. घरी यजमानांना सांगितलं, शाळेचं काम आहे. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बेसनाचे लाडू नेले. मुलीचे वडील हसून म्हणाले, दोन कॉलेजांचे फोन येऊन गेले, पण डबा घेऊन कुणी आलं नाही. मुलीनं तीन लाडू खाल्ले आणि सराव कोणत्या दिवशी असतो ते विचारलं. परत येताना वाटेत बॉम्बे नावाची टेकडी लागते. तिच्या चढावर मला ते मॅनेजर आठवले, "मुलगी मागायला आले होते." मी गाडीचा वेग कमी केला नाही. घरी आले आणि सोमवारच्या पेपरांचे गुण चढवले.

फेब्रुवारीत शाळा उघडली. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मी माझ्या, मी घडवलेल्या मुलीला म्हटलं, "जर्सी घरी नेऊन धुऊन आण." तिचाही नंबर तीनच होता, तो मीच दिला होता. दुसऱ्या दिवशी तिनं आणली. कडक इस्त्री, बाह्यांच्या घड्यासुद्धा. सगळ्या मुली ओळीत उभ्या आहेत, नवी मुलगी टोकाला उभी आहे, आणि मी म्हणते आहे, "ती हिला दे. आणि शब्द शिकव."

अण्णा, मी हे वाक्य ठरवून म्हटलं नव्हतं. एखादी गोष्ट जशी करतात तशीच मी ती केली. कर्णधार बदलताना, जागा बदलताना इथले शिक्षक आधी मुलीला बाजूला बोलावतात, बसवतात, कारणं सांगतात, मग पालकांना पत्र जातं. मला हे माहीत होतं. दहा वर्षं बघत होते. ते मला लाडावणं वाटायचं.

डाव्या बाजूची मैत्रीण म्हणाली, "मिस, दॅट्स नॉट फेअर."

"दोन चकरा," मी म्हटलं. ती गेली, पण माझ्याकडे बघत गेली.

माझी मुलगी दोन पावलं पुढे आली, जर्सी दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, मिस." म्हणजे काही हरकत नाही. नवी म्हणाली, "थँक्स, एह." मग मी चेंडूंच्या खोलीत गेले. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. "नॉट मॅगी. मागे. मा-गे." तिनं तिला तीन शब्द शिकवले, उच्चारांसकट, न कंटाळता. नव्या मुलीला ते पहिल्या दिवसात आले नाहीत, चार दिवस लागले. चारही दिवस ती थांबली. मी चेंडूंत हवा भरत होते. सगळे भरून झाले तरी मी आतच होते, एवढं आठवतं. काय वाटत होतं ते आठवत नाही. थंडीतल्या बोटांसारखं होतं बहुतेक.

तिची आई गाड्यांच्या आवारात भेटली.

"ताई, काय चुकलं तिचं, तेवढं सांगा."

"काही चुकलं नाही."

"मग?"

"दुसरी जास्त तयार आहे."

"असेल हो. मला खेळातलं काय कळतं. पण मला सांगून काय उपयोग ताई, तिला सांगा ना." ती गाडीचं दार उघडून तशीच उभी राहिली. "मी इस्त्री केली होती त्या जर्सीला. हिला म्हटलं, नवीन वर्ष, नवी सुरुवात, नीट दिसू दे."

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. मी कणीक मळत होते. दारात ती, एकटीच, चालत आलेली, पायांत जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपरा. तिच्या घरापासून आमचं घर चांगलं पाऊण तासाचं आहे. आत ये म्हटलं तर आली नाही. तिनं श्वास घेतला आणि मराठीत विचारलं, "मावशी, का?"

मला तिनं सबंध मराठी प्रश्न त्याआधी कधी विचारलेला नव्हता. ती तो तयार करून आली होती. मावशीकडे आली होती, मिसकडे आली नव्हती. माझे हात पिठात होते आणि माझं तोंड म्हणालं, "शाळेतलं शाळेत विचार."

 ती म्हणाली, "ओके." फाटकाची कडी तिनं नीट लावली.

सोमवारी बारावीचा तास होता. ती तिसऱ्या रांगेत बसायची. मी फळ्यावर शिकवून झाल्यावर वर्गाला विचारलं, कुणाला काही विचारायचंय? नंतर पुन्हा विचारलं. त्या आठवड्यात मी हे इतक्या वेळा विचारलं की पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "आम्हाला खरंच समजलंय, मिस." तिनं हात वर केला नाही. तिनं एकदा विचारलं होतं. मी तर दोनदा विचारलं होतं, तुमच्याकडे, आणि दोन्हीकडून परत आले होते. तिला दुसऱ्या फेरीची गरज वाटली नाही. ती माझ्याहून हुशार आहे.

आम्ही विभागात जिंकलो. नवी मुलगी खरोखर उत्तम होती, चेंडू तिच्या हातून कुठे जाणार ते मला बाकावरून कळत नव्हतं, तर पलीकडच्यांना कुठून कळणार. अंतिम सामन्यात ती "मागे" ओरडली तेव्हा आमच्या डाव्या-उजव्या दोघी हुलकावणीसाठी उडाल्या, आणि चेंडू मागच्या मुलीनं मारला. माझी मुलगी बाकावर माझ्यापासून तीन जागा सोडून बसली होती. टाळ्या वाजवत होती, योग्य वेळी, योग्य तेवढ्या. तिची आई आली नव्हती. कप कचेरीसमोरच्या काचेच्या कपाटात आहे. रग्बीचे शिक्षक त्या आठवड्यात चहाच्या टेबलाशी इथला माओरी नमस्कार करून म्हणाले, "किया ओरा, मिस. धीर संपला?"

"कपाट बघितलंत?"

"बघितलं. छान आहे कप," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी दूध पुढे सरकवलं. त्यांनी टोमणा आणखी लांबवला असता तर बरं झालं असतं. मी दुसऱ्या सभेत उभी राहून ठराव मागे घ्या म्हणाले नाही. त्यांनीही विषय काढला नाही.

वर्ष संपलं. नवी मुलगी आणि सगळ्या मारणाऱ्या तेरावी संपवून गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत मी माझ्या मुलीला व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, "उद्यापासून तू."

मला उत्तर माहीत होतं, अण्णा. ते मी स्वतःच एकदा दिलेलं होतं.

ती म्हणाली, "नो थँक्स, मिस." हसून, अगदी सभ्यपणे, जसं कुणी दुसरा चहा नको म्हणतं. मग तिचा तास होता म्हणून ती गेली.  नाही म्हणता येतं हे मला पन्नाशी उलटल्यावर तिच्याकडून कळलं. त्या वर्षी ती शाळेच्या नाटकात पडदे ओढायची. मी नाटक बघायला गेले होते. पडदा वेळेवर पडत होता. संघाला सेटर नव्हती. हुलाहूप मी काढून ठेवला, नंतर तो कुणीतरी नेला.

मला तुमच्याशी भांडायचं नाही. मॅनेजरांची मुलगी माझ्यापेक्षा चांगली होती. हे मला तेव्हाही, जर्सी हातात असतानाच, माहीत होतं. हॅमिल्टनची मुलगीही चांगली होती. मी पुन्हा त्याच जागी असले तर कदाचित पुन्हा गाडी काढेन. कुणाला घडवायचं, कुणाला आणायचं, हा प्रश्न रग्बीचे लोक भांडतात तेवढा अवघड नाही. माझ्या हिशेबात ती बाजू बरोबर होती. मी दुसरंच काहीतरी मांडायचं विसरले. मी परवा मोठ्यानं म्हणून बघितलं, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे. ती आज तुझ्यापेक्षा चांगली आहे. पुढच्या वर्षी तू तिच्यापेक्षा चांगली होशील. या वर्षी मला जिंकायचं आहे. हे तुझ्याशी करताना मला बरं वाटत नाही. एवढीच चार वाक्यं. दुसरी शिट्टी व्हायच्या आत संपतात. तुम्हाला चौथं वाक्य म्हणता आलं असतं का, मला माहीत नाही. मला म्हणता आलं असतं का, तेही नाही. मात्र ती दारात आली होती, आणि पहिली तीन तरी मला येत होती.

गेल्या महिन्यात तिची आई हेन्डरसनच्या भाजीच्या दुकानात भेटली. पूर्वीसारखंच ताई म्हणाली, हात धरला. मुलगी डुनेडिनला आहे, फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. "फोनवर बोलते हो रोज. येप, नोप, लव्ह यू मम." मग पिशवी खाली ठेवून तिनं भाजीच्या पावतीच्या पाठीवर काहीतरी लिहून दिलं. "तिचा पत्ता आहे. तुम्ही लिहा ना ताई दोन ओळी. मराठीत लिहा, ती वाचते, सावकाश वाचते पण वाचते."

आज दुपारी मी तिलाच लिहायला बसले. कोरा कागद घेतला, पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीत अण्णा असं लिहिलं. मग लिहीत गेले. तुम्हाला पाठवायला कुठलाच पत्ता नाही. तिचा आहे. समोर फ्रिजवर चुंबकाखाली, तिच्या आईच्या अक्षरात, पोस्टकोडसकट. तिला लिहिलेलं पोचलं असतं, म्हणून तुम्हाला लिहिलं.